बीटल्स : सात वर्षांची शागिर्दी

भरपूर काम करणाऱ्या कलावंताकडे आपण जरा संशयानेच पाहतो. वर्षाला दहा चित्रपट करणारा संगीतकार दिसला की ‘पाट्या टाकतोय’ म्हणून मोकळे होतो. धडाधड पुस्तकं लिहिणाऱ्याला समीक्षक हिंगलत नाहीत. थोडकंच पण अस्सल, हे आपल्याकडे कलेचं पहिलं कलम होऊन बसलंय. मला हे कलम कधीच पटलं नाही. ते खोडून काढायला माझ्याकडे एक भक्कम साक्षीदार आहे, चौघांचा मिळून एक. लिव्हरपूल नावाच्या बंदराच्या गावातून आलेला बीटल्स हा गट.

६ जून १९६२ रोजी हा गट लंडनच्या ईएमआय स्टुडिओत पहिल्यांदा ध्वनिमुद्रणासाठी गेला. रिंगो स्टार तेव्हा गटात नव्हता, तो दोनेक महिन्यांनी आला. २० ऑगस्ट १९६९ रोजी जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो असे चौघे एकत्र स्टुडिओत बसले ते शेवटचे. मधला काळ जेमतेम सव्वासात वर्षांचा. एवढ्यात त्यांनी दोनशेहून जास्त गाणी मुद्रित केली. एप्रिल १९७० मध्ये फाटाफूट जाहीर झाली, तेव्हा चौघांपैकी एकानेही तिशी गाठलेली नव्हती.

आणि ही गाणी टिकली. त्यांची अव्वल ठरलेली सत्तावीस गाणी एकत्र करून २००० साली एक अल्बम निघाला, तो कित्येक देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. लेननने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरच्या टेपवर म्हणून ठेवलेलं एक अर्धवट गाणं उरलेल्यांनी पुरं केलं आणि ते नोव्हेंबर २०२३ मध्ये बाहेर आलं. तेही ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. १९६३ साली पहिल्यांदा त्या जागेवर बसलेला गट साठ वर्षांनी पुन्हा तिथंच. तोवर लेनन आणि हॅरिसन दोघंही हयात नव्हते.

असं का व्हावं? माझं उत्तर एका वाक्यात सांगतो. हे लोक जगप्रसिद्ध झाल्यावरही शागिर्द राहिले. त्यांनी शिकणं थांबवलं नाही. त्यांची प्रत्येक तबकडी म्हणजे नुकताच शिकलेला एक नवा धडा होता. गाणी इतकी भरपूर झाली तीही याचमुळे, आणि शिळी झाली नाहीत तीही याचमुळे.

दोन तयार उत्तरं

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं बाजारात मिळतात. पहिलं उत्तर स्मरणरंजनाचं. म्हाताऱ्यांना तारुण्य आठवतं, म्हणून ते ऐकतात. हे अर्धंच खरं आहे. कारण माझ्या घरातली सतरा वर्षांची भाची हेडफोन लावून ही गाणी ऐकते. तिला १९६७ आठवत नाही. तिच्या आईलाही आठवत नाही. तिच्या लेखी ती जुनी गाणीही नाहीत, फोनवर आलेली गाणी आहेत. मागच्या महिन्यात कुणीतरी केलेलं गाणं आणि हे गाणं तिच्या यादीत शेजारी शेजारी असतात. तिथं वय विचारलं जात नाही. गाणं आवडलं नाही तर ती अंगठ्याने ते पुढं ढकलते. या अंगठ्याच्या परीक्षेत आठवणी कामाला येत नाहीत.

दुसरं उत्तर जाहिरातबाजीचं. मोठी कंपनी, चलाख व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन, किंचाळणाऱ्या पोरी, केसांची ती झुलपं. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात त्यांना पाहायला सुमारे ७ कोटी ३० लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिली पाचही गाणी एकट्या बीटल्सची होती. ही हवा होतीच. पण हवा इतरांचीही होती. जानेवारी १९६४ मध्ये बीटल्सच्या ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ला ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं ते डेव्ह क्लार्क फाइव्ह या गटाने. वर्तमानपत्रांना वाटलं, झालं, यांचे दिवस भरले. १९६५ मध्ये हर्मन्स हर्मिट्स हा मँचेस्टरचा गट अमेरिकेत तुफान चालला. तेही देखणे होते, तेही टीव्हीवर झळकत होते, त्यांच्याही तबकड्या खपल्या. आज ती नावं मुख्यतः त्या काळाच्या दर्दींनाच ठाऊक आहेत. जाहिरात माणसाला दुकानापर्यंत आणते. साठ वर्षं घरात मुक्काम करायला गाण्यात स्वतःचं काहीतरी असावं लागतं.

काळ्या उस्तादांचे गोरे शागिर्द

आता शिकण्याकडे येऊ. हे चौघे काही संगीत शाळेतून आले नव्हते. चौघांपैकी एकालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती. हॅरिसनचे वडील बस चालवायचे. मॅकार्टनीची आई सुईण होती, तो चौदा वर्षांचा असताना ती वारली. लेननची आई तो सतरा वर्षांचा असताना मोटारीखाली गेली. रिंगोचं बालपण तर आजारपणात गेलं. सहाव्या वर्षी पोटाचं दुखणं, मग तेराव्या वर्षी छातीचं. शाळा जवळजवळ सुटलीच. ड्रमची गोडी त्याला इस्पितळातच लागली, आजारी मुलांचं मन रमावं म्हणून तिथं वाद्यं वाजवून घेत असत.

यांची खरी शाळा दोन ठिकाणी भरली. एक जर्मनीतल्या हँबर्ग शहरात. १९६० ते १९६२ या काळात तिथल्या बदनाम वस्तीतल्या क्लबांमध्ये ही पोरं रात्रीचे सहा-सहा, सात-सात तास वाजवत असत. समोर दारू पिऊन बसलेले खलाशी. तीच ती गाणी वाजवली तर शिव्या खाव्या लागणार. मग रोज नवं गाणं बसवा, एकच गाणं वीस मिनिटं खेळवा, दमला तरी थांबू नका. आपल्याकडे रियाज म्हणतात तो हाच, फक्त पहाटेऐवजी मध्यरात्री आणि गुरूऐवजी गिऱ्हाइकासमोर.

दुसरी शाळा म्हणजे अमेरिकेतून येणाऱ्या तबकड्या. चक बेरी, लिटल रिचर्ड, आर्थर अलेक्झांडर, शिरेल्स, स्मोकी रॉबिन्सन. बहुतेक काळे कलावंत. ही मंडळी स्वतःच्या देशात मागच्या दाराने हॉटेलात शिरत होती आणि लिव्हरपूलची गोरी पोरं त्यांच्या गाण्यांचा एकेक श्वास पाठ करत होती. १९६२ साली हँबर्गमध्ये त्यांना लिटल रिचर्डच्याच कार्यक्रमात वाजवायला मिळालं. मॅकार्टनीच्या त्या किंचाळीतलं मर्म तिथून आलेलं आहे आणि त्याने ते कधी लपवलं नाही.

पहिल्या अल्बममधली चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती. दुसऱ्या अल्बममध्येही सहा. म्हणजे हातात पहिल्यांदा संधी आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाण्यांशेजारी आपल्या उस्तादांची गाणी ठेवली. तिसरा अल्बम मात्र पूर्ण स्वतःचा, तेराच्या तेरा गाणी लेनन-मॅकार्टनी यांची. उस्तादासमोर बसून घोकलेलं पचलं की शागिर्दाचा स्वतःचा गळा फुटतो, तसं.

इथं एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. काळ्यांनी गाणी केली, गोऱ्यांनी पैसा केला. त्या काळाच्या अमेरिकेत हा अन्याय सर्रास होता आणि बीटल्सची प्रसिद्धी त्या व्यवस्थेबाहेरची नव्हती. पण शागिर्दीची परीक्षा एका ठिकाणी झाली. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथं त्यांचा कार्यक्रम होता. काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. ११ सप्टेंबरला कार्यक्रम झाला, वेगळ्या रांगांविना. पुढच्या वर्षीच्या करारात ही अट लेखी आली. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना प्रेक्षागृहात मागे बसवणार असाल तर गाणं मिळणार नाही, इतका साधा हिशोब. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी तो केला, मोठमोठ्यांना जमला नव्हता.

मग कर्ज फिटलं तेही गाण्यातूनच. रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, विल्सन पिकेट, स्टीव्ही वंडर अशा काळ्या संगीतातल्या बड्या बड्या गायकांनी पुढं बीटल्सची गाणी म्हटली. उस्तादांनी शागिर्दाची चीज गावी, याहून मोठी पावती कुठली?

स्टुडिओ नावाचा मदरसा

११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी मुद्रित केली. सकाळी सुरुवात, रात्री शेवट. शेवटचं गाणं ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण लेननला सर्दी होती आणि ते गायल्यावर गळा उरणार नव्हता. आजही ते ऐका. आवाज फाटतोय हे कळतं आणि म्हणूनच ते थांबवावंसं वाटत नाही.

चारच वर्षांनी हेच लोक ‘सार्जंट पेपर’ या एका अल्बमवर नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ असे महिनोन्‌महिने बसले. एका दिवसापासून जवळजवळ पाच महिन्यांपर्यंतचा हा प्रवास म्हणजे त्यांच्या शिक्षणाची प्रगतिपुस्तिकाच. आणि यात एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. निर्माते जॉर्ज मार्टिन. त्यांचं शास्त्रशुद्ध संगीताचं शिक्षण झालेलं होतं, पण बीटल्सच्या आधी त्यांची ओळख मुख्यतः विनोदी तबकड्या काढणारा माणूस अशी होती. विनोदी तबकडीत दारं आपटण्यापासून घोडे धावण्यापर्यंत नाना आवाज तयार करावे लागतात. तो अनुभव पुढं कामी आला.

मार्टिन यांनी पोरांना दामटलं नाही, वाव दिला. ‘येस्टरडे’साठी व्हायोलिन-चेलोची चौकडी घ्यावी असं त्यांनी सुचवलं तेव्हा मॅकार्टनीने आधी नाक मुरडलं. गाणं गुळमट होईल अशी त्याला भीती. मग अट घातली की वादकांनी सूर थरथरवायचे नाहीत, सरळ लावायचे. शिक्षकाने साधन दिलं, विद्यार्थ्याने ते वापरायची शिस्त ठरवली. वर्षभराने ‘एलिनॉर रिग्बी’ झालं, त्यात चौघांपैकी कुणीच वाद्य वाजवत नाही, फक्त आठ तंतुवादक आहेत. चर्चमध्ये एकटी राहिलेली बाई आणि तिच्या मयताला कुणीही न येणं, हा विषय पॉप गाण्यात तोवर कुणी आणला होता? १९६७ च्या सुरुवातीला मॅकार्टनीने टीव्हीवर बाखची एक रचना ऐकली, त्यातला छोटा, उंच सुराचा ट्रम्पेट त्याला आवडला. तोच वादक बोलावला गेला आणि ‘पेनी लेन’मध्ये तो ट्रम्पेट आला. कानावर पडलं, विचारलं, शिकलं, वापरलं. मध्ये आठवडासुद्धा गेला नाही.

साधनं तरी किती होती? चार पट्ट्यांचं टेप यंत्र. आज कुठल्याही फोनमध्ये याहून जास्त सोय असते. चार पट्ट्या भरल्या की त्या एकत्र करून एका पट्टीत ओतायच्या आणि पुढचं वाद्य घालायचं. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चे दोन वेगवेगळे नमुने झाले होते, लयही वेगळी, पट्टीही वेगळी. लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. एका टेपचा वेग वाढवून, दुसऱ्याचा कमी करून त्यांनी ते जोडले. दोन्ही सूर जुळले. जोड कुठे आहे हे सांगितल्यावरही पटकन ऐकू येत नाही. १९६६ च्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये तर टेपचे तुकडे वेटोळ्यासारखे जोडून फिरवले, काही उलटे वाजवले. तेव्हा त्यांचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक वीस वर्षांचा होता. नियम नीट पाठ झालेले नव्हते, म्हणून मोडायला भीती वाटत नव्हती.

आता माझा मुद्दा लक्षात येईल. एक गाणं गाजलं की त्याच साच्यातून दुसरं काढायचं, हा धंद्याचा नियम. बीटल्सनी तो पाळला असता तर भरपूर पैसे मिळाले असते आणि आज त्यांना कुणी ओळखलं नसतं. ‘येस्टरडे’ गाजल्यावर दहा ‘येस्टरडे’ आली नाहीत. जे जमलं ते ठेवून ते जे जमत नाही तिकडे वळले. एका वर्षाची गाणी दुसऱ्या वर्षासारखी वाटत नाहीत, याचं हे कारण. ढीग मोठा असूनही त्यात ढिगाची भावना येत नाही.

एकमेकांचे गुरू

पीटर जॅक्सन यांनी जानेवारी १९६९ मधल्या जुन्या चित्रफितींवरून केलेला सुमारे आठ तासांचा ‘गेट बॅक’ हा माहितीपट २०२१ मध्ये आला. ज्याला कलेत रस आहे त्याने तो पाहावा, बीटल्स आवडत नसले तरी. त्यात मॅकार्टनी गिटार बडवत बसलाय, तोंडाला येतील ते निरर्थक शब्द पुटपुटतोय, शेजारी कुणी जांभई देतोय. आणि मिनिटभराने आपल्या डोळ्यांदेखत शून्यातून एक गाणं उभं राहतं. हॅरिसनला एका ओळीत शब्द सापडत नाही, तेव्हा लेनन सांगतो की सापडेपर्यंत काहीही म्हण, ‘कॉलिफ्लॉवर’ म्हण. रिंगो अर्धं गाणं घेऊन येतो, पुढं काय करावं त्याला कळत नाही, तर हॅरिसन त्याच्याशेजारी बसून पुढची वाट दाखवतो. त्याच महिन्यात हाच हॅरिसन वैतागून गट सोडूनही गेला होता. दहा-बारा दिवसांनी परतला. मतभेद होते, रुसवे होते, तरी समोरच्याचं गाणं म्हटलं की हात कामाला लागत.

त्या ‘गेट बॅक’ गाण्याच्या कच्च्या रूपाबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावी. इनॉक पॉवेल या राजकारण्याने १९६८ मध्ये आशियाई आणि कॅरिबियन स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या भाषणामुळे ब्रिटनमध्ये विष पसरलं होतं. गाण्याच्या सुरुवातीच्या शब्दांत पाकिस्तानी लोकांना घालवा म्हणणाऱ्यांची खिल्ली होती. नंतर ते शब्द गेले, गाणं वेगळं झालं. माझ्या मते बरंच झालं. उपहास करणाऱ्याचा सूर लोक विसरतात, शब्द तेवढे उचलतात. ज्याची टर उडवली त्याच्याच मिरवणुकीत ते गाणं वाजलं असतं. काय ठेवायचं याइतकंच काय टाकायचं हेही शिकावं लागतं.

मुंबईचा धडा

शागिर्द म्हटल्यावर आपल्या मुलखाचा संबंध येणारच. १९६५ च्या ऑक्टोबरात हॅरिसनने ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजवली तेव्हा त्याला ती नीट धरताही येत नव्हती. जून १९६६ मध्ये लंडनला त्याची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि सप्टेंबरात तो शिकायला थेट मुंबईला आला. ताजमध्ये खोट्या नावाने उतरला. बातमी फुटली, बाहेर गर्दी जमली, तेव्हा गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावं लागलं. जगातला सर्वांत प्रसिद्ध गिटारवाल्यांपैकी एक जमिनीवर मांडी घालून सारेगमचे पलटे घोटत होता. चोवीस वर्षं पुरी व्हायची होती.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत मुद्रित केलं. त्यात सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे अशी मंडळी होती. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याची साथसंगत मुद्रित झाली. लंडनला परतून त्यावर आवाज चढवला. म्हणजे बीटल्सच्या एका तबकडीची मागची बाजू वाद्यांपुरती चक्क मुंबईत तयार झालेली आहे. आपल्याकडून त्यांच्याकडे गेलं, तसं त्यांच्याकडूनही आपल्याकडे आलं. १९६५ च्या ‘जानवर’ चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ची चाल उचलली आणि ती महंमद रफींच्या तोंडी शम्मी कपूरच्या अंगात आली.

पण इथंच तक्रारही नोंदवतो. १९६६ च्या अल्बमवर तबलावादक अनिल भागवत यांचं नाव छापलं गेलं. पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’मधल्या हॅरिसनच्या गाण्यात लंडनमधल्या ज्या हिंदुस्थानी वादकांनी दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवला, त्यांची नावं वेष्टनावर आली नाहीत. त्या वेष्टनावर मेणाचे पुतळे आहेत, पुठ्ठ्यावरचे नट-नट्या आहेत, वादक नाहीत. उस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावायची आपली रीत आहे. तिथं ही चूक झाली आणि ती चूकच म्हणायला हवी.

हॅरिसनने मात्र धडा पुरता घेतला. मोठा सतारिया होण्यासाठी जन्म द्यावा लागतो, आपला तेवढा जन्म उरलेला नाही, हे ओळखून तो १९६८ च्या सुमारास गिटारकडे परतला. हे ओळखणं हाही शिक्षणाचाच भाग. आणि पाहा, त्याची उत्तम गाणी यानंतर आली. ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ दोन्ही १९६९ च्या अल्बममधली आहेत. सहा-सात वर्षं दोन थोर गीतकारांच्या सावलीत बसलेला धाकटा, शेवटच्या वर्षी त्यांच्या बरोबरीला आला. गट फुटल्यावर बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी रविशंकर यांनी मदत मागितली, तर १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने कार्यक्रम उभा केला. सुरुवातीला रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ वाजवायला बसले. गुरुदक्षिणा म्हणतात ती अशी.

सगळंच सोनं नाही

दोनशे गाणी सगळी सोन्याची असतील असं मी म्हणत नाही. १९६४ च्या अखेरचा अल्बम दमलेल्या माणसांचा आहे, तो ऐकताना कळतं. त्यात परत सहा गाणी दुसऱ्यांची घ्यावी लागली. १९६८ च्या जोड-अल्बममध्ये तीस तुकडे आहेत. मार्टिन यांचं मत होतं की निवड करून एकच चांगला अल्बम काढावा. त्यातला आठ मिनिटांचा आवाजांचा गोंधळ मी दोनदा पूर्ण ऐकला, तिसऱ्यांदा ऐकणार नाही. ‘रन फॉर युअर लाइफ’मध्ये बाईला दिलेली धमकी तेव्हाही वाईट होती, आजही वाईट आहे. लेननला स्वतःलाही ते गाणं पुढं आवडेनासं झालं.

पण शिकणाऱ्याच्या वहीत खाडाखोड असतेच. वही कोरी करकरीत असेल तर समजावं, पोराने अभ्यास केलेला नाही. मला तर वाटतं, ही फसलेली गाणीही त्या टिकण्यात सामील आहेत. आठ मिनिटांचा गोंधळ करायची हिंमत ज्याच्यात नाही, त्याला टेपचे दोन तुकडे जोडून ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ही करता येत नाही. फसण्याची परवानगी आणि नवं काही सुचण्याची शक्यता एकाच दारातून आत येतात.

आज यंत्राला सांगितलं की मिनिटभरात गाणं तयार होतं. दिवसाला हजारो गाणी कुठंतरी चढवली जातात. भरपूर हा शब्द आता आणखी बदनाम होणार. म्हणूनच हा फरक सांगून ठेवावासा वाटतो. एक भरपूर असतं ते जमलेलं पुन्हा पुन्हा छापण्याचं. दुसरं भरपूर असतं ते न जमलेलं पुन्हा पुन्हा करून पाहण्याचं. पहिल्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं आणि लगेच जातं. दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, पण मिळालं तर साठ वर्षांनी सतरा वर्षांच्या पोरीचा अंगठा थबकतो. यंत्राच्या मदतीने पूर्ण झालेलं ते २०२३ चं गाणंही पाहा. यंत्राने त्यात जुन्या टेपवरचा लेननचा आवाज पियानोपासून वेगळा काढून दिला, एवढंच. गाणं त्याने आधीच केलं होतं.

आपल्या मोहल्ल्यांतून, वस्त्यांतून आज कितीतरी पोरं गातात, रॅप लिहितात, फोनवर ठेके जुळवतात. त्यांना कुणी म्हणतं घराणं नाही, कुणी म्हणतं शिक्षण नाही, कुणी म्हणतं फार काढतोस, जरा कमी काढ. बसवाल्याच्या, सुईणीच्या, इस्पितळात वाढलेल्या पोरांची ही दोनशे गाणी त्यांनी एकदा काळाच्या क्रमाने ऐकावीत, १९६२ पासून १९६९ पर्यंत. नक्कल करायला नाही. माणूस दर सहा महिन्यांनी काय काय शिकत गेला, हे कानाने मोजायला. कमी काढू नका पोरांनो. फक्त पुढचं गाणं मागच्यासारखं काढू नका.